किमान ऑर्डर संख्या: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या कोटेशन सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मालाची किमान ऑर्डर संख्या भरलेली आहे. तरी कमी संख्येची कोटेशनं ग्राहकाकडे जातात. उलट किमान संख्या ५०० असलेल्या एकाच मालाचे तीन रंग मिळून ५०० नग भरतात, तिथे मात्र सॉफ्टवेअर अडवतं. चुकतंय कुठे?

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत. कमी संख्या निसटते, कारण तपासणी बहुधा फक्त एंट्रीच्या स्क्रीनवर लावलेली असते. जुनं कोटेशन कॉपी केलं, एक्सेलमधून ओळी इम्पोर्ट केल्या किंवा एपीआयने (दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून थेट) आल्या, की ती तपासणी चालतच नाही. म्हणून खरी अडवणूक सर्व्हरवर ठेवा, आणि तीही कोटेशन ‘ड्राफ्ट’मधून पुढे सरकतं त्या टप्प्यावर: मंजुरीला जाताना किंवा पीडीएफ निघताना. ड्राफ्टमध्ये नुसता इशारा पुरे. तिथेच अडवलं तर माणसं काहीतरी मोठा आकडा टाकून सेव्ह करतात आणि तो तसाच राहून जातो. सेल्सफोर्स सीपीक्यू हे कोटेशन सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘अलर्ट’ प्रकारचा प्रॉडक्ट रूल (तपासणीचा नियम) चूक सांगून पुढे जाऊ देतो, ‘व्हॅलिडेशन’ प्रकारचा थांबवतो.

रंगांचं दुखणं असं, की नियम एकेक ओळ तपासतो. २००, २०० आणि १०० या तिन्ही ओळी ५००च्या खाली, म्हणून तिन्ही नापास. आयटम मास्टरमध्ये (मालाच्या मूळ यादीत) ‘किमान-गट’ असं एक फील्ड घ्या, गटातल्या ओळींची बेरीज करा आणि ती ५००शी ताडा. बेरजेआधी सगळ्या ओळी एकाच एककात आणायला विसरू नका. एक ओळ बॉक्समध्ये, दुसरी नगांत असेल तर बेरीज फसवी. मात्र आधी उत्पादन विभागाला विचारा की ५०० कशासाठी. साच्याच्या सेटिंगसाठी असेल तर गट चालेल. प्रत्येक रंगासाठी मशीन धुवावं लागत असेल, तर रंगागणिक वेगळी किमान संख्या हवीच.

प्रश्न: किमान संख्या ५०० आणि बॉक्स ४८ नगांचा आहे. सॉफ्टवेअर संख्या आपोआप वाढवतं, तरी गोदामवाले ऑर्डर परत पाठवतात.

उत्तर: क्रम उलटा लागलाय. ग्राहकाने १०० मागितले. आधी बॉक्सात बसवलं तर १४४ होतात, मग किमान संख्येमुळे थेट ५००. पण ५०० म्हणजे १० बॉक्स आणि वर २० सुटे नग. आधी किमान संख्या लावा, नंतर वरच्या पूर्ण बॉक्सपर्यंत न्या: ११ बॉक्स, ५२८ नग. ग्राहकाने ५१० मागितले तरी उत्तर ५२८च. संख्या गुपचूप बदलू नका. मागितलेली आणि सुचवलेली, दोन्ही ओळीवर दिसू द्या. नाहीतर वाद बिलाच्या वेळी होतो.

प्रश्न: सॅम्पलसाठी नियम बंद करावा का?

उत्तर: नको. सॅम्पलला वेगळा ओळ-प्रकार द्या आणि नियमातून तो वगळा. बाकी अपवाद कारण लिहून मंजुरीला जाऊ द्यात, आणि ती मंजुरी त्या ओळीच्या त्याच संख्येपुरती धरा. संख्या बदलली की आपोआप रद्द. सुधारित कोटेशनमध्ये ओळीवर फक्त फरक येत असेल, म्हणजे ६००चे ६२० करताना २०, तर तपासणी मूळ धरून एकूण संख्येवर करा.