उबदार टोन हवाय? आधी गेन उतरव

तुझा टोनबद्दलचा प्रश्न वाचला. म्हणजे हंबकरवाली (दोन कॉइलच्या पिकअपची) गिटार, २० वॅटचा ट्रान्झिस्टर अॅम्प, मध्ये डिस्टॉर्शन पेडल. साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉकचा टोन हवाय आणि येतोय मधमाशांचं पोळं उठल्यासारखा. बास वाढवला तर नुसता गदगदाट. त्यात नाशिकच्या कॉलेज रोडचा फ्लॅट, आवाज चढवायची सोय नाही. अरे, आपण सगळे इथूनच गेलोय.

ऊब बासमध्ये नसते, मिडमध्ये (मधल्या सुरांत) असते. गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) ३, बास ४, मिड ७, ट्रेबल ५ इथून सुरुवात कर. गेन इतका कमी पाहून हात शिवशिवतील, पण थांब. साठच्या दशकातल्या मार्शल जेटीएम ४५ अॅम्पला (मूळ सर्किट फेंडर कंपनीच्या बासमन अॅम्पचंच) मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे गेन तसाच ठेवून एकूण आवाज कमी करणारा नॉब, नव्हता. अॅम्प चढवला की तो थोडा फाटायचा, इतकंच. तुझं पेडल त्याच्या कितीतरी पट जास्त फाडतं.

आता खरी गोष्ट, जी माझ्या डोक्यात शिरायला चार वर्षं गेली: गिटारवरचे नॉब. व्हॉल्यूम १० वरून ७ वर आण. नेक पिकअप (मानेकडचा) घे, टोन ५ वर. एकच कॉर्ड आधी हलक्या हाताने छेड. जवळजवळ साफ वाजला पाहिजे. मग तोच जोरात मार. कडेने किंचित कुरकुरला पाहिजे. दोन्हींत फरक जाणवत नसेल तर गेन अजून जास्त आहे, उतरव. सोलोला व्हॉल्यूम १० कर, पेडलला पाय लावायची गरज नाही. गिटारवादक एरिक क्लॅप्टनचा क्रीम या बँडच्या काळातला तो गोल, गाणाऱ्या बाईसारखा आवाज टोन नॉब पार खाली उतरवूनच आलेला आहे.

पिकअपची उंचीही बघ. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून नेक पिकअपचं तारेपासून अंतर साधारण ३ मिमी, ब्रिजचं (तारा अडकवतात त्या टोकाकडच्याचं) २. फार जवळ असेल तर आवाज चिखल होतो.

रात्री हेडफोन लावत असशील तर स्पीकर सिम्युलेशन (गिटार स्पीकरच्या आवाजाची नक्कल) हवंच. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो. ती गाळणी नसली की तुझ्या मधमाशा हजर.

जर्मेनियम फझ (जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं, आवाज खरखरीत फाडणारं पेडल) घ्यावा का, हेही विचारलंयस. नाशिकात? डिसेंबरात गोदाकाठचा गारठा असतो तेव्हा लोण्यासारखा वाजतो. तोच मे महिन्यात गच्चीवर घरघरायला लागतो, कारण उष्णतेने त्या ट्रान्झिस्टरची विजेची गळती वाढते आणि बायस (त्याचं ठरवलेलं व्होल्टेज) सरकतो. एकदा ऐन कार्यक्रमात मी थंड सोड्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेडलला टेकवून ठेवली होती. दोन गाणी निभावली. तू सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा घे.