डोंगरउतारावरच्या बांधकामांना मर्यादा घालणाऱ्या ठरावाला पाठिंबा द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडकडच्या तुमच्या गावात ग्रामपंचायत उतारावरच्या प्लॉटिंगला आणि मोठ्या बांधकामांना मर्यादा घालणारा ठराव आणते आहे. कारण दिलंय, "गावाचं गावपण राहायला हवं". तुमची वडिलोपार्जित बारा गुंठे वरकस (भातशेतीला न चालणारी डोंगराळ जमीन) त्याच उतारावर आहे, तुम्ही ठाण्याला असता, आणि या ठरावाने आपली जमीन मातीमोल होईल की गाव वाचेल, ते तुम्हाला कळत नाहीये.

माझं उत्तर: पाठिंबा द्या. पण आधी मसुदा मागवून वाचा, आणि त्यात "गावपण" याखेरीज काहीच नसेल तर तो बदलून घ्या. मी कणकवली तालुक्यातल्या एका गावात पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. आम्ही नेमकी हीच चूक केली होती.

आमचा पहिला ठराव दीड ओळीचा. "गावाचे गावपण टिकविण्यासाठी डोंगरभागात बांधकामास मनाई करण्यात यावी." एकमताने मंजूर झाला. चार महिन्यांनी वरच्या वाडीच्या डोक्यावर जेसीबी लागला. ठरावाची प्रत घेऊन आम्ही कचेरीत गेलो, तर तिथल्या साहेबांनी एवढंच विचारलं, "डोंगरभाग म्हणजे कुठला गटनंबर? कुठून कुठपर्यंत?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. जमीन घेणाऱ्याकडे मात्र मोजणीचा नकाशा होता, खरेदीखत होतं, हद्दीच्या खुणा घातलेल्या होत्या. आमच्याकडे फक्त भावना होती, आणि ती खरी असली तरी तिच्या जोरावर कुठलाही अधिकारी काम थांबवू शकत नाही.

पुढे काय झालं ते सांगते, कारण या सगळ्याचं मूळ तिथे आहे. आमच्या वाडीची बाव (विहीर) उताराच्या पायथ्याशी आहे. जांभ्याची, जुनी. मिरग लागून आठेक दिवस झाले असतील. सकाळी कळशी वर ओढली तर पाणी नाचणीच्या आंबिलीसारखं. कळशी ओतली तेव्हा तळाला बोटभर लाल गाळ. शेजारची आजी म्हणाली, "वायच थांब गो, निवळतला." गणपती आले तरी ते निवळलं नाही. आणि त्याच वर्षी, एरवी होळीपर्यंत टिकणारा आमचा व्हाळ (ओढा) माघातच आटला.

असं का होतं? आपल्याकडचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्याचा सपाट कातळ, वरून उजाड दिसतो, सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराब किंवा पडीक अशी असते. पण जांभा दगड जाळीदार असतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडणाऱ्या पावसातला बराच भाग तो पोटात घेतो. खाली चिकण माती लागली की पाणी अडतं, आडवं सरकतं आणि उताराच्या पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतं. तिथेच बाव, तिथेच पाटाचं पाणी, तिथेच माडा-पोफळीची बाग. पूर्वजांनी वाड्या तिथेच वसवल्या त्या यासाठी. उताराच्या मधोमध वीस फुटांचा उभा काप घातला की पाण्याची ती वाट उघडी पडते. पाणी पावसाळ्यातच वाहून जातं आणि चिकण माती उन्हापावसात उघडी राहते. त्यावर काँक्रीटची भिंत बांधली आणि मागचं पाणी निघायला भोकं ठेवली नाहीत, तर भिंतीमागे पाणी साचून भार वाढतच जातो.

दरडींचं नाव घेताना मात्र अतिशयोक्ती करू नये, असं मला वाटतं. महाड तालुक्यातलं तळिये २२ जुलै २०२१ रोजी गाडलं गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. ही जुनी वस्ती होती, तिथे कुणी बंगल्यांची स्कीम टाकली नव्हती. म्हणजे आपला उतार मुळातच नाजूक आहे. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतही नव्हती. तेव्हा "आमच्या गावाचं नाव यादीत नाही" असं सभेत कुणी म्हणालं, तर हे उदाहरण जरूर द्या.

आता कामाचा भाग. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत उताराचं माप दिलेलं आहे: १:५. पाच मीटर आडवं चालल्यावर जमीन एक मीटर किंवा जास्त खाली जात असेल, तर झोन कुठलाही असो, तिथे बांधकाम, कापणी, सपाटीकरण, भराव यांना परवानगी नाही. म्हणजे ग्रामपंचायतीला नवा कायदा करायचाच नाहीये. आपल्या गावात ही रेषा कुठून जाते ते दाखवून द्यायचं आहे. आमच्या दुसऱ्या ठरावात आम्ही तेच केलं.

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घेतला. त्यावर दर २० मीटर उंचीला एक रेघ असते. दोन रेघांत २ मिलिमीटर किंवा कमी अंतर असेल, तर तिथला उतार १:५ किंवा त्याहून तीव्र. त्यावरून संशयित गट काढले. पण बारा-पंधरा गुंठ्यांचा तुकडा एवढ्या लहान नकाशावर कळत नाही, तिथे प्रत्यक्ष जावं लागतं. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने हे काम अंगावर घेतलं. दोरीचं एक टोक वर जमिनीला टेकवलं, पाच मीटर खाली बांबू उभा केला, पाणी भरलेल्या नळीने दोरी समपातळीत आणली आणि बांबूवर दोरीपासून जमिनीपर्यंत टेप धरली. पहिलंच माप एक मीटर वीस. तो प्रत्येक ठिकाणी बांबू काढायच्या आधी मला टेप वाचायला लावायचा, "तुझ्या डोळ्यान बघ, मगे लिही." अकरा दिवसांत आम्ही चाळीसेक गट केले. त्या वहीतले आकडे ठरावाला जोडले, झऱ्यांच्या जागा गटनंबरासह लिहिल्या, फोटो लावले. आमच्या मापांना मोजणी खात्याच्या कागदाइतकं वजन नाही, पण त्यानंतर कुठल्याही अर्जावर "उताराची पाहणी करावी" हे आम्ही नाव-नंबर देऊन सांगू शकलो, आणि पाहणी झाली.

दुसरी गोष्ट, जेसीबी दिसला की त्याच दिवशी तलाठ्याकडे लेखी तक्रार द्या. माती, मुरूम, चिरा काढायला गौण खनिजाची परवानगी लागते. ती नसेल तर महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. काप पूर्ण झाल्यावर केलेल्या तक्रारीचा उपयोग फार कमी, कापलेला डोंगर परत भरता येत नाही.

आणि आता ज्यांचा विरोध असेल त्यांचं. त्यांना "विकलेले" म्हणू नका. आमच्याकडे एक कुटुंब होतं, वाटणीत मळा थोरल्या घराकडे गेला आणि यांच्या वाट्याला नुसता उतार आला. मुलाचं लग्न ठरलेलं, घराला दुसरी जागा नाही. त्या घरातली बाई सभेत उभी राहून म्हणाली, "तुमची घरा झाली, म्हणान तुमका डोंगर दिसता." तिचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतंच. कोकणात भाताची सपाट जमीन राखायची म्हणून घरं नेहमीच उताराच्या कुशीला बांधली गेली. म्हणून आमच्या ठरावात जुन्या चौथऱ्यावर बांधणं आणि डागडुजी यांना हरकत नाही, असं स्वतंत्र कलम घातलं. आणि त्या कुटुंबासाठी भावकीत बसून अदलाबदल घडवली: रस्त्यालगतचे चार गुंठे त्यांना, वरची काजूची जागा दुसऱ्यांना. दोन महिने गेले त्यात. पण ते झालं नसतं तर दुसरा ठराव मला मनापासून मांडता आला नसता.

"गावपण" या शब्दालाही मोजता येणारं रूप देता येतं. आमच्यासाठी ते म्हणजे पाणंदी. प्लॉटिंगवाला पहिलं काम करतो ते कंपाउंड आणि गेट. त्यात गुरांची वाट जाते, स्मशानाची जाते, देवळाकडे पालखी नेण्याची जाते. गावनकाशावर या वाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. त्यांची यादी ठरावाला जोडा. वहिवाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. ही मुदत बहुतेकांना माहीत नसते, आणि चाकरमानी मे महिन्यात येईपर्यंत ती उलटून गेलेली असते.

सभेत एक अफवा नक्की येईल, "इको सेन्सिटिव्ह आलं की घराची वीटही हलवता येणार नाही." इको सेन्सिटिव्ह म्हणजे पश्चिम घाटातलं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. त्याबद्दल डॉ. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा. त्यानंतर केंद्र सरकार पुन्हा पुन्हा मसुदाच काढत आलंय. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यातली बंदी खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, लाल वर्गातले (जास्त प्रदूषण करणारे) नवे उद्योग, औष्णिक वीजप्रकल्प आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठे बांधकाम प्रकल्प यांच्यावर आहे. राहत्या घराची दुरुस्ती किंवा वाढ यावर नाही. त्या मसुद्याच्या यादीत तुमचं गाव आहे का, तेवढं बघून ठेवा.

याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या गावाचं नियोजन आता कुणाच्या हाती आहे, ते विचारा. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने कोकण किनाऱ्यावरच्या १३ विकास केंद्रांसाठी १०५ गावांत रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. अशा गावात परवानगीचा अधिकार त्या प्राधिकरणाकडे जातो. तिथे ग्रामसभेचा ठराव आराखड्यावरच्या हरकती-सूचनांच्या मुदतीत, पोच घेऊन द्यावा लागतो. नुसता इतिवृत्ताच्या वहीत राहिला तर त्याचा उपयोग नाही.

तुमच्या बारा गुंठ्यांबद्दल. तुमचं नाव ठाण्याच्या मतदारयादीत असेल तर ग्रामसभेत तुम्हाला मत नाही, ग्रामसभा गावच्या मतदारांची. पण जमीनधारक म्हणून लेखी म्हणणं देता येतं, ते द्या, आणि गावात राहणाऱ्या भावा-वहिनीला सभेला जायला सांगा. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतलं जे कमी ते. ती न भरल्याने सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला गणसंख्येची अट नसते आणि मोजक्या माणसांत निर्णय होतो.

बारा गुंठे म्हणजे सुमारे १,२०० चौरस मीटर, आणि असा तुकडा सगळा एकसारखा उताराचा क्वचितच असतो. खालचा भाग १:५ च्या आत बसत असेल तर तुमचं घर तिथे होईल, वर काजू राहू दे. मोजायला मे महिन्यात जा, झाडोरा कमी असतो तेव्हा. मोजताना वरच्या कातळाच्या कडेखाली कुठे ओल दिसते का, तेही पाहा. भर मे महिन्यात तिथे ओल असेल, तर त्या जागेचा गटनंबर ठरावात सगळ्यात आधी घालायला सांगा, तो तुमचा स्वतःचा असला तरी.