रोज भरपूर नव्या कल्पना सुचाव्यात म्हणून सवय कशी लावावी?

सुचायची सवय लागत नाही, लिहायची लागते. रोज दहा, तारीख घालून, खाडाखोड न करता.

एकोणीस वर्षं मी जाहिरातींच्या ओळी लिहिल्या, त्या डोंबिवली-दादर स्लो लोकलमध्ये. दिवा-मुंब्र्यापर्यंत पाच-सहा ओळी भराभर उतरायच्या. त्या टाकाऊ, कारण त्या सगळ्यांनाच सुचतात. ठाण्यानंतर डोकं कोरडं पडायचं. भांडुप, कांजूर, विक्रोळी, पेन नुसतं हातात. बहुतेक जण इथेच वही मिटतात. माझ्या कामाच्या ओळी घाटकोपरनंतरच आल्या.

२०११च्या फेब्रुवारीत लोणच्याच्या मसाल्याचं काम आलं. आमच्या साहेबांचा मीटिंगवर फार विश्वास. आठ माणसं, फळा, दोन तास. साहेब पहिलंच वाक्य बोलले, "आजीच्या हातची चव." मग दोन तास आठही जण आजीभोवतीच फिरत राहिले. माझ्या वहीत सहा दिवसांच्या साठ ओळी होत्या. त्यातली सत्तेचाळिसावी, 'कैरी तुमची, खार आमचा', क्लायंटने घेतली. कागदावर मात्र ती मीटिंगमधून निघाली असं लागलं, आणि वर्षअखेरीस माझ्या नावापुढे शेरा आला: टीममध्ये मिसळत नाहीत.

गटात बसून कल्पना काढायची ही पद्धत अमेरिकेतल्या ॲलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरातवाल्यानेच रुजवली. आधी ढीगभर काढा, नावं नंतर ठेवा, हे त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण १९५८ साली येल विद्यापीठात हे तपासलं गेलं, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांनी मिळून जवळजवळ दुप्पट कल्पना काढल्या. साहजिक आहे. एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबलेल्याचं डोकं बोलणाऱ्याच्या मागे जातं. साहेब, हे तेव्हा माझ्या हाताशी असतं तर त्याच फळ्यावर लिहिलं असतं.

तेव्हा नव्या लोकांना माझं सांगणं आहे, मीटिंगला रिकाम्या हाताने जाऊ नका. आधी आपली वही भरा, पानावर तारीख घाला आणि ते पान सगळ्यांसमोर उघडा.

निवड मात्र एकट्याने करू नये. सत्तेचाळिसाव्या ओळीवर मी खूण केलीच नव्हती. ती शेजारच्या टेबलावरच्या आर्ट डिरेक्टरने वही चाळताना केली.