मादागास्कर आफ्रिकेच्या इतक्या जवळ असूनही तिथे सिंह, हत्ती, माकडं का नाहीत?

नकाशात जवळ दिसतं खरं, पण मधली मोझांबिकची सामुद्रधुनी अगदी अरुंद जागीही सुमारे ४०० किलोमीटर रुंद आहे. त्याहून मोठी अडचण काळाची.

मादागास्कर आफ्रिकेपासून सुटू लागला तो सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी, भारताला चिकटलेला असतानाच. पुढे ८.८ कोटी वर्षांच्या सुमारास भारतही त्याच्यापासून तुटून उत्तरेकडे सरकला. उडुपीजवळ मालपेच्या समुद्रात सेंट मेरी बेटांवर जे दगडी खांब दिसतात, ते या फाटण्याच्या वेळच्या लाव्हाचे. (दख्खनच्या बेसाल्टशी त्यांची गल्लत करू नका, तो दोन कोटींहून जास्त वर्षांनी नंतरचा.) सिंह, हत्ती, माकडं ही घराणी आफ्रिकेत नांदू लागली तोवर बेटाला चारी बाजूंनी पाणी होतं.

मग लेमूर, म्हणजे माकडांचे हे दूरचे नातलग, तिथे कसे पोचले? वादळात आणि महापुरात नदीकाठची झाडं मुळांसकट, वेलींच्या गुंत्यासकट समुद्रात जातात. अशा नैसर्गिक तराफ्यांवरून त्यांचे पूर्वज आले, हे मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण. त्या काळी प्रवाह आफ्रिकेकडून बेटाकडे वाहत असावा, असं समुद्रप्रवाहांच्या संगणकीय प्रतिरूपांतून दिसतं. बेट उत्तरेकडे सरकल्यावर तो बदलला. शिवाय प्राणी लहान हवा आणि थोड्या अन्नपाण्यावर तगणारा हवा. जाड शेपटीचा बुटका लेमूर आजही शेपटीत चरबी साठवून कोरड्या ऋतूत महिनोन्‌महिने निपचित झोपतो. अशी सोय पूर्वजांत असेल, तर समुद्रावरचे काही आठवडे निभावतात. हत्तीसिंहांना ते शक्यच नव्हतं. म्हणूनच वटवाघळं सोडली, तर तिथले आजचे मूळ भूचर सस्तन प्राणी चारच घराण्यांतले आहेत: लेमूर, टेनरेक (किडे खाणारे छोटे प्राणी), उंदीर आणि फोसासारखे शिकारी. फोसा दिसतो मांजरासारखा, पण नात्याने मुंगसाच्या जवळचा.

स्पर्धक नसल्याने लेमूरांच्या शंभराहून अधिक जाती झाल्या. सर्वांत लहान जेमतेम ३० ग्रॅमचा. मात्र ‘तिथे मोठे प्राणी कधीच नव्हते’ हे चूक. बुटके पाणघोडे होते, गोरिलाएवढा लेमूर होता, आणि ज्याच्या अंड्यात आठेक लिटर मावतील असा हत्तीपक्षी होता. माणसं आल्यानंतर हे सारे संपले. ती माणसंही फक्त आफ्रिकेतून आली नाहीत. मालागासी या तिथल्या भाषेची सर्वांत जवळची बहीण आग्नेय आशियातल्या बोर्नियो बेटावर बोलली जाते.

तिथली झाडं मात्र तुमच्या दारात आहेत. गुलमोहर मूळचा तिथल्या कोरड्या जंगलांतला, सदाफुलीही तिथलीच. तिच्यापासून मिळालेली व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं रक्ताच्या कर्करोगांवर वापरतात.

लेमूर पाहायला जायचं असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर गाठा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ. पूर्वेकडचे रस्ते बंद पडतात. व्यापारी वारे पूर्वेच्या कड्याला धडकून तिकडेच पाऊस पाडतात, त्यामुळे दाट सदाहरित जंगल त्या अंगाला आणि नैर्ऋत्येला काटेरी झुडपं. राजधानी अंतानानारिवोहून पूर्वेला सुमारे १५० किलोमीटरवर आंदासिबे आहे. तिथे सकाळी लवकर जंगलात शिरलात, तर इंद्री या मोठ्या लेमूरची दूरवर घुमणारी लांबलचक साद ऐकू येते. इंद्री बंदिवासात जगत नाही, त्यामुळे त्याला पाहायचं तर तिथेच जावं लागतं.