तिकीट काढू नकोस, तिथेच रहा

अगं, तुझा मेसेज सकाळी आठला चहा घेताना वाचला, म्हणजे तुझ्याकडे रात्रीचे साडेअकरा. "ताई, दीड महिना झाला, ब्यूनोस आयर्स बघून झालं, आता नुसती बसून पैसे घालवतेय असं वाटतं, इग्वासूचा धबधबा करू का दक्षिणेला पातागोनिया?" आधी हसू आलं, मग चिडचिड झाली. बघून झालं म्हणजे काय गं? रेकोलेताची दफनभूमी, सान तेल्मोचा रविवारचा बाजार, ला बोकातली रंगीत घरं, संपलं शहर? कुठेही जाऊ नकोस. तिथेच रहा.

मी २००९ मध्ये हाच शहाणपणा केला होता. चाळीस दिवसांत पाच देश, ब्यूनोस आयर्सच्या वाट्याला चार दिवस. त्यातल्या गुरुवारी प्लासा दे मायो या चौकात पांढरे रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या बायका गोल फिरताना दिसल्या, लष्करी राजवटीत गायब केलेल्या मुलांसाठी १९७७ पासून चालतायत त्या. मी काय केलं? खटाखट फोटो काढले आणि बस पकडायला पळाले. एकीच्या गळ्यात मुलाचा फोटो होता, त्याचं नावसुद्धा वाचलं नाही मी. हे अजून टोचतं.

म्हणून २०१२ मध्ये परत गेले आणि चार महिने एकाच खोलीत राहिले. तुझ्यासारखंच दीड महिन्याने मला पण वाटलं की आता पुरे. एकटं वाटतं, स्पॅनिश शिकून गेलो तरी तिथले लोक 'य' चा 'श' करतात म्हणून काही कळत नाही, रात्री दहाशिवाय कोणी जेवत नाही, जिकडे तिकडे बीफ. पण नेमकं तिथून पुढेच शहर सुरू होतं गं! कोपऱ्यावरच्या पिझ्झावाल्याने एकदा फाइना पुढे ठेवला, चण्याच्या पिठाचा, पिझ्झावर ठेवून खातात, पहिला घास घेतला आणि डोळ्यात पाणी आलं, अगदी आपलं जाडसर धिरडं. क्लासमधल्या मुली माटे प्यायच्या, म्हणजे तिकडचा पानांचा कडू चहा, पोकळ भोपळ्यातून नळीने ओढायचा, एकच भोपळा, एकच नळी, सगळ्यांचं उष्टं, मी मनाचा हिय्या करून प्यायले आणि परत देताना ग्रासिआस म्हणाले. परत माझी पाळी आलीच नाही. दोन आठवडे मला वाटायचं या मला टाळतायत. मग एकीने सांगितलं, ग्रासिआस म्हणजे 'आता मला नको'. हे चार दिवसांत कळलं असतं?

क्लासला मेट्रोच्या ए लाइनने जायचे, १९१३ ची लाइन, लाकडी डबे, पिवळे दिवे, दार हाताने उघडायचं. जानेवारी २०१३ मध्ये ते डबे काढलेच. रोज बसले म्हणून आजही तो खडखडाट कानात आहे.

घरचे अजून ऐकवतात, चार महिने अर्जेंटिनात राहून इग्वासू नाही पाहिला, वर मामेबहिणीचं लग्न चुकवलं. लग्नाचं वाईट वाटतं, नाही म्हणत नाही. धबधब्याचं नाही वाटत. बरं, थोडं वाटतं. पण बसने अठरा तास जायचं, दोन दिवस भिजायचं आणि यायचं, त्यापेक्षा त्या चार महिन्यांतले प्लासा दे मायोवरचे माझे गुरुवार मला मोलाचे आहेत, आणि हे मी स्वतःची समजूत काढायला म्हणत नाहीये. पाचव्या गुरुवारी एका आजीने लांबून मला बघून मान हलवली, एवढंच. तेवढ्यासाठी तिथेच रहा म्हणतेय.

आणि नोव्हेंबर तोंडावर आलाय. आपल्याकडे उन्हाळ्यात फुलतो तो नीलमोहर तिथे आता फुलेल, रस्तेच्या रस्ते जांभळे. त्याच्या आधी निघालीस तर माझ्याशी बोलू नकोस.

पैशाचं म्हणशील तर हॉस्टेल सोड, महिन्याच्या भाड्याने खोली बघ, भाजी वेर्दुलेरियातून, म्हणजे भाजीच्या दुकानातून आण आणि वरणभात लाव. उद्या गुरुवार आहे. साडेतीनला प्लासा दे मायोवर जा, फोन खिशात ठेव. गळ्यातल्या फोटोखालचं नाव वाच आणि मला कळव.