पहिल्यांदा बर्फ बघायचा तर गुलमर्ग, आणि शक्यतो जानेवारीच्या अखेरीस

आई-बाबा आणि आठ वर्षांची लेक यांना घेऊन पुण्याहून पहिल्यांदाच बर्फ बघायला निघायचंय, नाताळच्या सुट्टीत मनाली बरं की गुलमर्ग, असं तुम्ही विचारलंय. मी गुलमर्ग म्हणेन. पण लेकीच्या शाळेतून रजा मिळत असेल तर नाताळात नको, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जा.

हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी झंझावातांवर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या पावसा-बर्फाच्या वादळी प्रणालींवर अवलंबून असतो, आणि ते तारीख बघून येत नाहीत. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. थंडी हमखास असते, बर्फ मात्र हमखास नसतो; नाताळापेक्षा उशिरा गेलात तर तो साचलेला असण्याची शक्यता जास्त, इतकंच. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्गची कुरणं कोरडी, पिवळट होती. २०२५ मध्ये तर तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तिथल्या लोकांसाठी ही फक्त पर्यटनाची गोष्ट नाही. उन्हाळ्यातलं झेलमचं पाणी आणि सफरचंदाच्या बागा याच बर्फावर जगतात.

म्हणून ठिकाण निवडताना नावापेक्षा उंची बघा. मनाली गाव साधारण दोन हजार मीटरवर आहे, त्यामुळे डिसेंबरात गावात बर्फ नसणं अगदी नेहमीचं. मग सगळ्या गाड्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमधल्या सिस्सूकडे वळतात आणि सुट्टीत अर्धा दिवस रांगेतच जातो. शिवाय जोराची बर्फवृष्टी झाली की बोगदा पर्यटकांच्या गाड्यांना बंद होतो. गुलमर्ग मुळातच सुमारे २६५० मीटरवर. वर जायला गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे आहे: पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत, दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळपास ३९५० मीटरवर. खाली बर्फ कमी असला तरी वर मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

आई-बाबांना मात्र पहिल्या टप्प्यापर्यंतच न्या. वरची हवा विरळ असते, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर धोका कशाला? कोंगदोरीला सूचिपर्णी झाडांच्या रांगांमागे बर्फाचे उतार पसरलेले दिसतात, लेकीला लोळायला भरपूर जागा असते आणि गरम कहवा, म्हणजे काश्मिरी चहा मिळतो. खरं सांगते, नुसतं तिथे बसून राहणंसुद्धा फार सुंदर आहे. गंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा, आणि वारा सुटला तर तो बंद ठेवतात हे धरून गुलमर्गला दोन रात्री तरी ठेवा. श्रीनगरहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची धावपळच जास्त होते.

गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्ग गावापासून पुढचा घाट बर्फ पडल्यावर साखळ्या लावलेल्या गाडीनेच चढता येतो. गमबूट आणि जाड कोट तिथेच भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. आतले थर्मल, लोकरी मोज्यांचे जादा जोड आणि गॉगल मात्र घरून न्या. बर्फावरून परावर्तित होणारं ऊन डोळ्यांना फार त्रास देतं. हॉटेल ठरवताना खोली तापवायची सोय काय आहे आणि वीज गेल्यावर काय करतात, हे फोनवर स्पष्ट विचारा. घसरगाडीवाल्याशी भाव आणि अंतर दोन्ही आधी ठरवा.

मांसाहारी असाल तर श्रीनगरात एका सकाळी हरीसा खा. रात्रभर शिजवून घोटलेलं मटण, ते हिवाळ्यातच मिळतं.

परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, कारण बर्फात किंवा धुक्यात श्रीनगरची उड्डाणं रद्द होतात. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, तेव्हा घरातला एक तरी नंबर निघण्यापूर्वी पोस्टपेड करून घ्या.