ख्रिस्ती विश्वास रोजच्या व्यवहारात कसा जगायचा?

रविवारी उपासनेला जातो, पण सोमवारी कामावर त्यातलं काय उरतं, असं तुम्ही विचारलंय. मी तरी पैशांपासून सुरुवात करेन.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या १९ व्या अध्यायातला जक्कय आठवा. येशू घरी आल्यावर या जकातदाराने थेट हिशेबच काढला: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. मोशेचं नियमशास्त्र, म्हणजे यहुद्यांचा धर्मनियम, कबुली देणाऱ्याकडून मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच मागत होतं!

‘नीतिमान विश्वासाने जगेल’ हे जुन्या करारातल्या हबक्कूक संदेष्ट्याचं वचन (२:४) प्रेषित पौलाने नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात घेतलंय. मूळ हिब्रू शब्द ‘एमूना’. त्यात भरवसा आणि भरवशाला उतरणं, दोन्ही येतं. देवावर भरवसा ठेवणाऱ्याचा शब्द इतरांनाही भरवशाचा वाटायला हवा.

आता प्रवासखर्चाचा फॉर्म घ्या. गेलो बसने, पण ‘टॅक्सी’ लिहिलं तर विचारणारं कोणी नाही. तिथे ‘बस’ लिहिणं मला उपवासापेक्षा जड गेलंय, खोटं कशाला बोलू. एकदा घसरलोही. दुसऱ्या दिवशी जाऊन आकडा दुरुस्त करून घेतला. कान तापले होते, पण साहेबांनी मान वर न करताच सही केली.